आभाळाला टांगलेला कॅमेरा

आमच्या घरमालकांशी माझी ओळख माझ्या ओल्या बनियनने करून दिली.

नाशिकहून बदली होऊन मी संभाजीनगरला आलो आणि पैठण रस्त्याकडच्या एका कॉलनीत वरचा मजला भाड्याने घेतला. खाली मालक एकटे राहत. पहिल्याच रविवारी, नव्या गावात नवा माणूस व्हावं अशी हुक्की येऊन, मी स्वतःचे कपडे स्वतः धुतले आणि बादली घेऊन गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीच्या पायाला एक दोरी बांधलेली होती. काय ताणलेली दोरी! तिचं एक टोक टाकीला होतं. दुसरं टोक कुठे आहे ते कोणीही शहाण्या माणसाने बघितलं असतं. मी बनियन टाकलं. ते घसरत टाकीपाशी आलं. पुन्हा वर सरकवलं, पुन्हा घसरलं. दोरी जरा तिरपी बांधलीय, एवढाच निष्कर्ष काढून मी चिमटे लावले. मग टॉवेल. मग पँट. पँटीसरशी दोरी जिवंत जनावरासारखी थरथरली, आणि जिन्यातून आवाज आला.

"अवं ओ पाव्हणं! आभाळाला कपडे वाळू घालता व्हय?"

तेव्हा मी वर बघितलं. दोरी माझ्या पँटीपासून निघून सरळ आभाळात गेली होती आणि तिच्या टोकाला पलंगपोसाएवढा पांढरा पतंग डुलत डुलत खाली येत होता. पतंगाच्या खाली काहीतरी लोंबत होतं. ते शेजारच्या लिंबात जाऊन अडकलं.

संध्याकाळी मालक आमच्याकडे आले. आता भाडं वाढणार किंवा घर सोडावं लागणार, अशा तयारीने मी दार उघडलं. त्यांनी एक फोटो हातात ठेवला. वरून काढलेला. गच्ची, काळी टाकी, बादली, आणि बादलीशेजारी एक माणूस. त्या माणसाच्या डोक्याच्या मध्यभागी बशीएवढी जागा उन्हात चमकत होती.

"हा कोण?" मी विचारलं.

"तुमीच की."

मला टक्कल पडायला लागलंय, ही बातमी मला अशी आभाळातून मिळाली. बायकोला ती आधीपासून होती म्हणे. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. बायकोचं माहेर आपल्याच पैठण तालुक्यातलं हे कळताच मालकांनी तिला जागच्या जागी मुलगी मानलं, आणि मी त्या दिवसापासून 'जावईबापू' झालो. ह्या शब्दात मान किती आणि टोमणा किती, हे त्या घरात राहिलो तेवढ्या वर्षांत मला ठरवता आलं नाही.

मालकांचा गुलमंडीत फोटो स्टुडिओ होता. उभी हयात त्यांनी लग्नं काढली. मग घरोघरी मोबाइल आले. "सगळेच फोटोग्राफर झाले. गिऱ्हाईक कोण ऱ्हायलं?" असं म्हणून त्यांनी एक दिवस शटर ओढलं. रडगाणं मात्र नाही. उलट सुटलो म्हणायचे. माणसांचा त्यांना कंटाळा आला होता, आणि त्याचं कारण अगदी धंद्यातलं होतं.

"माणूस डोळे मिटतो, जावईबापू. सारा मांडव नीट उभा करावा, आन् बटन दाबलं की नवरीचा मामा डोळे मिटतो. त्याला उघडा म्हणावं तर आत्याबाई मिटते. आता वरनं बगा. वरनं कुनाचे डोळेच दिसत नाय. भानगडच मिटली."

आणि म्हणून ते पतंगाला कॅमेरा बांधून आभाळात सोडत. तरी सवय जात नव्हती. कॅमेरा वर डोलायला लागला की खालून ओरडत, "थोडं डावीकडं... हां... हनुवटी वर... हललात!" नव्या माणसाला वाटे, हे देवाचा फोटो काढताहेत.

पतंग त्यांनी स्वतः शिवला होता. लग्नात नवरीच्या तोंडावर उजेड पाडायच्या पांढऱ्या छत्र्या असतात ना, त्यांचं कापड उसवून. दोर मासेमारीचा, जाड विणीचा. मांज्याचं नाव काढलं तर चिडत. "पाखरं कापायची असतील तर खाटकाकडं जा." आणि चिकलठाण्याच्या बाजूला, विमानतळाकडे, त्यांनी कधी पतंग चढवला नाही. "इमानवाल्यांचं आभाळ येगळं, आपलं येगळं. बांध कोरायचा नसतो."

सकाळी हातात पेटती उदबत्ती घेऊन ते गच्चीभर फिरत. समोर नवं बिऱ्हाड आलं होतं, त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "तुमचे मालक फार धार्मिक आहेत का?" मालक धुराकडे बघून वारा ओळखत होते, एवढंच. धूर सरळ वर गेला तर खाली येऊन चहा. धूर आडवा पडला तर चहा राहिला.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "ड्रोन का नाही घेत? बटण दाबलं की काम."

"ड्रोन म्हंजे नोकर," मालक म्हणाले. "जा म्हटलं की जातो, ये म्हटलं की येतो. पतंगाला इचारावं लागतं."

कॅमेरा निवडायचा त्यांचा कार्यक्रम बघण्यासारखा असे. रविवारच्या जुन्या बाजारात, सायकलींचे सुटे भाग आणि बंद पडलेले मिक्सर ह्यांच्या मधोमध एक चाचा जुने कॅमेरे घेऊन बसे. मालक तिथे मुलीच्या बापासारखे जाऊन उकिडवे बसत. सोबत झोळीत स्वयंपाकघरातला वजनकाटा.

"चाचा, ये वाला दिखाव."

"ये नक्को लेव. इसकी स्क्रीन टूटेली है."

"मेरे कू टूटेलीच होना."

चाचा माझ्याकडे बघे. मी आभाळाकडे बघे.

"वर गेल्यावर स्क्रीन कोन बघनार? घार?" मालक मला समजावत. "फुकट वजन." मग कॅमेरा काट्यावर. मग उघडून, मिटून. मग तो चालू करून मांडीवर ठेवायचा आणि नुसतं बसून राहायचं. थोड्या वेळाने कॅमेऱ्याचं नाक आपोआप आत गेलं की मालक मान हलवत.

"झोपतो हा. जरा काम नाय सांगितलं की डोळा लागला. सरकारी हाय. नको."

न झोपणारा कॅमेरा सापडला की शेवटची परीक्षा. झोळी जमिनीवर अंथरून ते तो गुडघ्याच्या उंचीवरून खाली टाकत. चाचाच्या तोंडून "या अल्ला" निघे. पडून पुन्हा चालू झाला तर पसंत. "वर जानारा शोधू नये, जावईबापू. वर कोनीबी जातो. पडून उठनारा शोधावा." हे वाक्य त्यांनी माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळीही मला ऐकवलं, आणि जावयाला गुडघ्यावरून टाकून बघायचं तेवढं राहिलं.

घरी आणलेल्या कॅमेऱ्याचं पुढे ऑपरेशन होई. टेबलावर पांढरं फडकं, छोटे पेचकस, कानस. पहिला फ्लॅश निघे. "आभाळात कशाला दिवाळी?" मग फुटका पडदा. मग अंगावरचं जादा प्लॅस्टिक कानशीने घासत. भिंग एकदा लांबच्या नजरेवर आणलं की तिथेच चिकटवून टाकत, म्हणजे वर गेल्यावर जवळचं-लांबचं असा घोळ नको. बटण दाबायला वर माणूस नाही, म्हणून खेळण्यातल्या मोटारीचं इंजिन, त्याला एक वाकडा खिळा. खिळा फिरला की बटण दाबलं जाई, टक, पुन्हा फिरला, टक. हे सगळं बांधायला चार कोपऱ्यांत शिवणयंत्राच्या बॉबिना, आणि त्यांतून ओवलेली दोऱ्यांची फुली. पतंगाने वर कितीही नखरे केले तरी ह्या फुलीमुळे खाली कॅमेरा पाण्यातल्या दिव्यासारखा सपाट राही. हे मला समजलं असं मी त्यांना सांगितलं होतं.

एक दिवस कामावरून आलो तर आमच्या दाराला भोक. दारात कोण आलंय ते आतून बघायला काचेचं भिंग बसवलेलं असतं, ते गायब. खाली गेलो. भिंग एका कॅमेऱ्याच्या नाकावर बसलेलं होतं.

"ह्यातनं आख्खी कॉलनी एका फोटोत मावती," मालक खुशीत म्हणाले.

"आणि आमच्या दारात कोण आलंय ते?"

"इचारायचं, कोन हाय. तोंड हाय ना?"

ह्या भिंगातून कॉलनी खरंच मावली, आणि त्यातून पंचाईत झाली. कोणाची वरची खोली नकाशात नाही, कोण कचरा मागच्या प्लॉटवर टाकतं, कोणाच्या गच्चीत पापड आणि कोणाच्या गच्चीत बाटल्या, सगळं फोटोत. कॉलनीची सभा भरली. मालकांनी बिनतक्रार माफी मागितली आणि पुढे पतंग गावाबाहेरच्या माळावर न्यायला लागले. "तसंबी वरनं आपलं शहर म्हंजे निस्त्या काळ्या टाक्या," ते म्हणाले. "पानी नाय, पर टाक्या बगा!"

हे सगळं लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण मालक वाचत नाहीत. छापलेल्या पानावर फोटो नसला तर ते पान उलटतात. आता ते शहर सोडून बहिणीच्या गावी राहायला गेलेत, आणि आम्हीही स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, ज्याच्या दाराला भिंग आहे.

बहिणीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळा खटाटोप तिच्यासाठी होता.

मालक लहान असताना त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. नाथसागराच्या. आई आधीच वारलेली, घर थोरल्या बहिणीच्या हातात. अक्का. सामान बैलगाडीत भरलं, सगळे निघाले, आणि अक्का आत सारवत बसलेली. चुलता ओरडला, "अगं, पाणी येनारंय त्या घरात, सारवती कशापायी?" अक्का म्हणाली, "पाव्हना येतोय न्हवं घरात? मग?" आणि उंबऱ्यापर्यंत सारवून, पाय न उमटवता उडी मारून बाहेर आली.

वरच्या अंगाला नवं गाव वसलं. अक्का तिथेच नांदली, तिथेच म्हातारी झाली. दुष्काळी उन्हाळ्यात सागराचं पाणी मागे हटलं की जुनं गाव वर येतं. भिंती नाहीत, नुसती दगडी जोती, देवळाचा ओटा, गल्ल्यांच्या रेघा. लोक जाऊन बघून येतात. अक्काचे गुडघे गेलेले. भेगाळलेल्या गाळातून एवढं चालणं तिला जमण्यातलं नव्हतं. ती दर उन्हाळ्यात भावाला एकच म्हणे, "एकदा घर बघू दे रं."

मोबाइलवर काढलेले फोटो लोकांनी तिला दाखवले होते. नुसते दगड. कुठलाही दगड कुठलाही असतो. मालकांच्या डोक्यात बसलं होतं की वरून काढलेला एक फोटो पाहिजे, ज्यात घर घरासारखं दिसेल, उंबऱ्यासकट. त्यासाठी हे कॅमेरे, त्यासाठी ही मोटारीची इंजिनं. पण कॅमेरे तयार झाले तेव्हा पावसाळे चांगले व्हायला लागले आणि गाव काही वर येईना. सारा मराठवाडा भरलेल्या सागराकडे बघून हात जोडत होता, आणि आमचे मालक जोडलेल्या हातांनी गप्प उभे होते.

मग एका वर्षी पाऊस रुसला. उन्हाळ्यात सागर आटला. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही लिमलेटच्या गोळीच्या रंगाचं. गल्लीत टँकर आला की मालक हंडा घेऊन सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहत, आणि माझ्या कानाशी म्हणत, "जावईबापू, देवाघरी पाप लागंल, पर अजून जरा नगं यायला पानी."

"अहो, हळू बोला. लोक मारतील."

"म्हनून तर तुमाला सांगतोय. तुमी नाशिकचे."

ह्यात माझ्या नाशिकचा संबंध असा की इथे थेंब पडला नाही तरी नाशिकला पाऊस झाला की पाणी गोदावरीने थेट सागरात उतरतं. इतर वर्षी सारं शहर मला ऐकवायचं की तुम्ही नाशिकवाले पाणी अडवता. त्या वर्षी मालक एकटे असे भेटले, की जे मला म्हणत, अडवा.

पण नुसतं पाणी थांबून भागत नव्हतं. वारा पाहिजे होता. भर उन्हाळ्यातला वारा म्हणजे वावटळी. पतंग उचलतो आणि आपटतो. एकसारखा, सरळ वाहणारा वारा मृगाच्या सुमाराला सुटतो. आणि त्याच सुमाराला नाशिकला ढग भरतात.

"वारं आन् पानी एकाच गाडीनं येतात," मालक म्हणाले. "आपल्याला मधल्या स्टेशनावर उतरायचंय."

मग रोज संध्याकाळी नाशिकला माझ्या आईला फोन. "आई, ढग आहेत का गं?" आई म्हणे, "आहेत थोडे. तू जेवलास का?" मालक शेजारून खुणा करत, काळे की पांढरे? "आई, काळे की पांढरे?" मग आई हलक्या आवाजात, "सूनबाईला दे जरा फोन."

एका सकाळी दाराच्या भोकातून आवाज आला. "जावईबापू! धूर आडवा पडलाय!"

लग्नांची दिवेबत्ती वाहून नेलेली त्यांची जुनी व्हॅन होती, तिच्यातून आम्ही निघालो. पुढे व्हॅन थांबली आणि चालणं सुरू झालं. मी एवढी मोठी, एवढी रिकामी जागा पाहिली नव्हती. भेगाळलेला गाळ, लांब पाण्याची एक पातळ चकाकी, मध्ये कोणीतरी केलेले कलिंगडाचे वेल, आणि मग एकदम, जमिनीतून दात वर आल्यासारखी काळी जोती.  देवळाच्या ओट्यापाशी मालकांनी चपला काढल्या, नमस्कार केला, पुन्हा घातल्या. मग डावीउजवीकडे बघत, दोनदा चुकत, एका जोत्यापाशी जाऊन उभे राहिले.

"हे आपलं घर."

"अरं, ती तर आमच्या गोठ्याची जागा हाय!"

हा आवाज शेळ्या घेऊन आलेल्या एका म्हातारबांचा. नव्या गावचे, म्हणजे जुन्याच गावचे, मालकांच्या गल्लीतले.

"तुमचा गोठा पलीकडं," मालक म्हणाले.

"पलीकडं? पलीकडं तर वढा व्हता. म्हशी काय वढ्यात बांधायचो व्हय आमी?"

"मी ह्या घरात जल्मलोय म्हातारबा."

"आन् मी ह्या गोठ्यात धारा काढल्यात. तू शेंबडा व्हतास तवा."

त्या उजाड गाळात, जिथे आता ना म्हैस ना घर, दोघं बराच वेळ भांडले. मला मध्यस्थी करावीशी वाटली. म्हटलं, "दोन्ही असू शकेल." दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी शेळ्यांकडे वळलो. शेवटी मालक म्हणाले, "अक्का सांगंल. अक्का गोठा म्हनाली तर गोठा." म्हातारबांनाही ते पटलं. अक्कापुढे गावात कोणाचं चालत नसावं.

मालकांनी दोन कॅमेरे आणले होते. एक आमच्या दाराचं भिंग लावलेला. दुसरा चंदेरी, सडपातळ, त्याला ते 'नवरदेव' म्हणत. वारा एकालाच पेलेल एवढा होता आणि तोही किती वेळ टिकेल सांगता येत नव्हतं. मालक दोन हातांत दोन कॅमेरे धरून उभे.

"भिंगवाल्यात सारं गाव येतंय. पर कडा वाकत्यात, उंबरा काय दिसनार नाय. नवरदेवात दगड न् दगड मोजून घ्या, पर गाव अर्धं. तुमी काय म्हनता?"

"दोन्ही चांगले आहेत," मी म्हणालो.

"मुलगी बघायला आल्यावर लोक आसंच म्हनत्यात, आन् पुन्हा येत नायत." त्यांनी पुन्हा एकदा त्या जोत्याकडे बघितलं.  "अक्काला उंबरा दिसला पायजे. नवरदेव."

नवरदेव वर गेला. पतंगाने आधी जरा आढेवेढे घेतले, मग एकदम मनावर घेतलं आणि दोर सरसरत सुटला. चक्री माझ्याकडे. माझं काम ती धरून ठेवणं आणि न बोलणं. मालक धावत गेले आणि आपल्या उंबऱ्याच्या दगडावर उभे राहिले. कुठलं घर ते अक्काला कळायला नको का? सदऱ्याची बटणं लावली. केसांवरून हात फिरवला. आयुष्यभर लोकांना उभं करणारा माणूस, पण स्वतः उभा राहिला तेव्हा हातांचं काय करावं ते त्याला कळेना. शेवटी त्यांनी ते जोडले.

"हनुवटी वर!" मी ओरडलो. संधी सोडवली नाही.

तेवढ्यात वारा पडला. पतंग खचला. "मागं पळा!" मालक जागचे न हलता किंचाळले. मी मागे बघायच्या ऐवजी पतंगाकडे बघत पळालो, आणि जिथे गाळ अजून ओला होता तिथे बैठक मारली. कमरेपर्यंत. पण चक्री सोडली नाही. माझ्या आयुष्यातल्या ज्या थोड्या कामांबद्दल मालकांनी पुढे चारचौघांत मला शाबासकी दिली, त्यांतलं हे एक. पतंग सावरला, वर गेला, आणि इंजिनाचा खिळा फिरत असणार, टक, टक, असं मी गाळात बसून मनाशी म्हणत राहिलो.

थोड्याच दिवसांत आईचा फोन. आपणहून. "ढग विचारत होतास ना? ये बघायला. पूल बुडालाय." गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी आलं. शहरात लोक एकमेकांना पेढे द्यायला लागले, आणि सगळ्यांत मोठा पुडा मालकांनी आणला. गल्लीत वाटत फिरले. "येऊ द्या! आता येऊ द्या!" जुनं गाव पुन्हा खाली गेलं. आता ते केव्हा वर येईल, आणि तेव्हा अक्का असेल का, हे कोणी बोललं नाही.

फोटो त्यांनी ओळखीच्या लॅबमधून टेबलाएवढा मोठा करून घेतला. एका रविवारी आम्ही तिघं, मालक, मी आणि बायको, तो नळीत गुंडाळून अक्काकडे गेलो. अक्का बाजेवर बसली होती. बारीक, ताठ, आणि भावाला पाहताच पहिलं वाक्य, "वाळलास." मालक माझ्या दुप्पट आहेत.

बाजेवर चादर होती, तिच्यावर फोटो पसरला. पंख्याने तो उडत होता, म्हणून बायकोने वाकून एक कोपरा धरला. अक्का चष्मा लावून बघत राहिली.

"हे काय रं? करपलेल्या भाकरीवानी?"

मालकांचं तोंड उतरलं. त्यांनी बोटाने दाखवायला सुरुवात केली. हा ओटा, ही गल्ली, आपण घारीसारखं वरून बघतोय. "मी घार न्हाय," अक्का म्हणाली. "मी कवा वरनं बघितलंय गाव? थांब. मला माझ्या पायानं जाऊ दे." आणि तिने फोटोतल्या देवळाच्या ओट्यावर बोट ठेवलं.

"हे देऊळ. चपला घातल्या. निघाले. हा पार. हितं गिरनी, पीठ उडायचं लई. हितं तो मेला कुत्रा आडवा यायचा..." बोट चालत होतं, मध्ये थांबत होतं, कोणाशी दोन शब्द बोलावेत तसं. मी फोटोकडे बघत नव्हतो. मी मालकांकडे बघत होतो. त्यांनी श्वास रोखून धरला होता, एवढ्याशा श्वासानेही फोटो हलेल असा. म्हातारबांचा गोठा त्यांना त्या रात्रीपासून झोपू देत नव्हता, हे मला ठाऊक होतं.

"हं," अक्का म्हणाली. "हे बघ. हितं. हे आपलं घर."

"मी उभा हाय तिथं?" मालकांचा आवाज लहान झाला होता.

"तिथंच. आन् उंबऱ्यात उभा हायेस, येड्या! उंबऱ्यात उभं ऱ्हाऊ नये म्हनून किती डाव सांगितलं तुला? आन् पायात चपला!"

मालक उठलेच. "जावईबापू! बगा! चुकलो का मी?" त्यांनी तिथूनच म्हातारबांना फोन लावला, "म्हातारबा, गोठा पलीकडं! अक्का म्हनली!" आणि पलीकडून जे काही आलं ते ऐकून पोट धरून हसले. अक्काने आम्हाला पुरणपोळी वाढली. मालकांना शेवटची पोळी संपेपर्यंत ताटातून हात काढू दिला नाही. फोटो भिंतीवर लावायला खिळा ठोकला, तो वाकला, दुसरा ठोकला.

घरी येऊन जिना चढलो तरी मी हवेतच होतो. बायकोला म्हटलं, बघ, काय असतात माणसाचे पाय! एवढी वर्षं पाण्याखाली असलेलं घर, आणि हा माणूस बरोबर आपल्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहतो. आणि काय हुशारी कॅमेरा निवडायची. भिंगवाला घेतला असता तर अक्काला उंबरा दिसला असता का?

बायको पिशवीतून अक्काने दिलेल्या शेंगा काढत होती.

"घर फोटोत नव्हतंच," ती म्हणाली. "अक्कांचं बोट कागद सोडून चादरीवर गेलं होतं. माझ्या हातापाशीच येऊन थांबलं. मग त्यांनी भावाकडे बघितलं, आणि बोट हळूच आत घेतलं." तिने शेंगा सुपात ओतल्या. "आणि हे बघा, खाली जाऊन काही बोलू नका. तुमच्या पोटात काही राहत नाही."